कानाच्या जागी काटे

आण्णांना ऐकू येत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं, बोलायचं मात्र कुणी नाही. आण्णा म्हणजे माझे वडील. उभी हयात ट्रक चालवला. पाटोद्याहून कांदा, कापूस, मिळेल ते भाडं. जुन्या गाडीत इंजिन मांडीला लागूनच असतं. त्या घरघरीनं त्यांचे कान खाल्ले.

डॅशबोर्डवरचे काटे कधीच मेलेले होते. आण्णांना त्यांची गरजच पडली नव्हती. गिअर कधी बदलायचा, इंजिन तापलंय का, सगळं ते आवाजावरून ओळखायचे. आता आवाजच राहिला नव्हता. एकदा ब्रेकची हवा कमी झाल्याचा बझर कोकलत राहिला आणि हे आपले निवांत. शेजारी आई होती म्हणून निभावलं.

घरी आल्यावर तिनं चावी माझ्यापुढं आपटली. "गाडी बंद केली तर हा माणूस झुरून मरंल. चालू ठेवली तर कुणाला तरी मारंल. तू शिकलीस ना? कर कायतरी."

शिकले होतेच. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, बीएस्सी फिजिक्स. हे मी छाती काढून सांगते, कुणाला टोचलं तर टोचू दे.

अंगणात लिंबाखाली गाडी लावली. भंगारातून मीटर शोधून आणले. हवेचा, तापमानाचा, आणि इंजिनाचे फेरे दाखवणारा, जो या गाडीत कधी नव्हताच. पत्र्याला भोकं पाडली, नव्या वायरी ओढल्या. बझरच्या वायरीवर डोळ्यासमोर लाल दिवा बसवला. मीटरच्या काचांवर माझ्याच नेलपॉलिशनं पट्टे ओढले. हिरव्यात काटा असला तर ठीक, लालकडं गेला तर सावध.

दिवे लागले तसे आण्णा ओरडले. आताशा ते ओरडूनच बोलत. "गाडी हाय का लग्नाचा मांडव?"

"मांडवच हाय. नवरदेव तेवढा बहिरा," आई म्हणाली.

आम्ही हसलो. आम्हाला हसताना बघून आण्णाही हसले.

पहिल्याच खेपेला मी सोबत गेले. बीडहून सिमेंट भरलं, पाली गाव मागं टाकलं, मांजरसुंब्याच्या घाटाला लागलो. पुढं उसाचा ट्रॅक्टर रांगत होता. त्याला मागं टाकायला आण्णांनी गाडी उजवीकडं घेतली. चढाला आम्हीही रांगतच होतो. आण्णा काट्याकडं बोट दाखवत होते. "बघ, हिरव्यातच हाय! लई झ्याक!" तेवढ्यात मला मागून सायरन ऐकू आला.

मी त्यांचा दंड धरून हलवला, आरशाकडं बोट केलं. त्यांनी बघितलं, करकचून ब्रेक दाबला आणि गाडी ट्रॅक्टरच्या मागं घेतली. अँब्युलन्स शेजारून गेली. ड्रायव्हरजवळ बसलेल्या बाईनं आमच्याकडं बघून हात जोडले होते. वाट मागायला जोडलेले ते हात अजून सुटले नव्हते.

मांजरसुंब्याला ढाब्यापुढं आण्णांनी इंजिन बंद केलं.

"किती येळ व्हती मागं?"

मी हातानं खूण केली, आत्ताच आली होती.

"खोटं नको बोलू, माय." एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ते हळू बोलले. "गाडीतलं समदं दिसतंय मला. भायेरचं कसं कळावं? त्याचा काटा कुठं बसवशील?"

तो काटा बीएस्सीत शिकवला नव्हता. त्यांनी चावी काढून माझ्या हातात दिली आणि खाली उतरले.

मी मामेभावाला फोन केला. तोही ट्रक चालवतो. एका गाडीवाल्याला हात करून तो आला आणि स्टेअरिंगवर बसला. आण्णा पहिल्यांदाच खिडकीकडच्या सीटवर बसले, मी मधे. गाडी सुरू झाली, दिवे लागले.

"ताई, हे तू बसवलंस?" मामेभाऊ म्हणाला. "आयला! आण्णांची गाडी म्हणून ओळखू येईना. लई नशिबाचा माणूस."

मी आण्णांकडं बघितलं. ते बाहेर बघत होते. हे त्यांना सांगायचं तर कानाशी ओरडावं लागलं असतं. मी ओरडले नाही.