दिवे लागल्यावरचं विरजण

लोणारच्या त्या गल्लीत वच्छलाबाईंच्या दह्याला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. दही गोड, घट्ट, वाटी उपडी केली तरी हलायचं नाही. बाईंच्या जिभेबद्दल मात्र असं गोड कुणी बोलत नसे. "सत्तावीस वर्सं झाली, इरजन मांगाले दुसऱ्याच्या दारी गेली नाई," हे त्या आठवड्यातून एकदा तरी ऐकवत. ऐकणाऱ्या बायका मुकाट्यानं माना डोलवत, कारण त्यातल्या निम्म्या हातात वाटी घेऊनच आलेल्या असत.

विरजण माहेरचं होतं, सुलतानपूरचं. लग्नात आईनं, मंजुळाबाईनं, एक धुवट फडकं दह्यात भिजवून सावलीत वाळवलं आणि घडी घालून लेकीच्या हाती दिलं. सासरी आल्यावर वच्छलाबाईंनी ते कोमट दुधात सोडलं आणि सकाळी माहेरचं दही लागलं. मग रोज उद्यापुरतं चमचाभर बाजूला काढायचं, एवढंच काम. पुढे लग्नातले डागिने मोडले, लुगडी विरली. मानमोडीच्या साथीत आईही गेली. आईचं म्हणावं असं घरात तेवढं दही राहिलं होतं.

धाकटी जाऊ शालूबाई समोरच राहायची. चुली वेगळ्या झाल्या तेव्हा वच्छलाबाईंनीच तिला विरजण दिलं होतं. पण दहा वर्षांमागे, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या आदल्या संध्याकाळी, मांजरीनं शालूबाईचं गाडगं उलथं केलं. महालक्ष्म्यांना ज्वारीच्या आंबिलीचा नैवेद्य लागतो आणि आंबिलीला घरचं ताक लागतं. शालूबाई वाटी घेऊन धावत आली, तर वच्छलाबाईंच्या देवळीत दिवा लागलेला. दिवे लागल्यावर दूध-दही घराबाहेर देत नाहीत, लक्ष्मी जाते. वच्छलाबाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दिवे लागले, शालू."

रीत होती, इथवर त्यांचं काही चुकलं नाही. चुकलं दुसऱ्या दिवशी. शालूबाईनं बाजारचं दही आणून आंबील केली, आणि हळदीकुंकवाला भरल्या बायकांत वच्छलाबाई म्हणाल्या, की यंदा शालूच्या महालक्ष्म्या हलवायाच्या घरी जेवल्या. बायका पोट धरून हसल्या. शालूबाई उठून गेली, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. रस्ता दहा पावलांचा, पण दहा वर्षं कुणी ओलांडला नाही.

आता भादव्यातली गोष्ट. वच्छलाबाईंचे मालक रंगराव तापानं आठवडाभर पडून होते. ताप उतरला, पण तोंडाला चव येईना. त्यांनी इंद्रभान हलवायाकडचं दही मागितलं. वच्छलाबाईंनी नाक मुरडलं, पण आजारी माणसाशी काय वाद घालणार? गाडगं आलं. वर बोटभर जाड तांबूस साय, दूध आटवून आटवून लावलेलं. यात मेला घालतो तरी काय, हे पाहायला बाईंनी बोट बुडवून चाखलं. नीट कळलं नाही म्हणून दुसरं बोट. दुसऱ्या दिवशी गाडगं थोडं मोठं मागवलं, तिसऱ्या दिवशी दोन. रंगराव भिंतीकडे तोंड करून हसले असतील, पण बोलले नाहीत. इतक्या वर्षांचा संसार होता, माणूस शहाणा झाला होता.

म्हशीचं दूध सगळं आजाऱ्याला जात होतं, आणि दही बाजारातून येत होतं. त्यामुळे फडताळातलं घरचं दह्याचं गाडगं पाच दिवस कुणी उघडलंच नाही. सहाव्या दिवशी बाईंनी झाकण काढलं तर हिरवी बुरशी चढलेली आणि नाकाला पदर लावावा असा वास. त्यांनी वरचं काढून खालचं चमचाभर दुधात घालून पाहिलं. सकाळी दूध फाटलेलं. बाई चुलीपुढे बसल्या आणि लहान पोरीसारख्या रडल्या. आई गेली तेव्हा त्या सुलतानपूरला वेळेवर पोचल्या नव्हत्या. ती आज गेल्यासारखं त्यांना वाटलं.

रंगराव म्हणाले, बाजारच्या दह्याचं विरजण लाव. तेही लावून पाहिलं. पहाटे पळी उचलली तर दह्याला शेवाळासारखी तार सुटली. मग ते म्हणाले, शेजारून आण, नाहीतर मिरचीची देठं टाक, दही ते दहीच. पण शेजारणींनी नेलेल्या विरजणात केव्हाच बाजारचं मिसळलं होतं. वच्छलाबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला.

"दही ते दही नसते," त्या म्हणाल्या. "माह्या मायचं पाह्यजे. मी सुलतानपूरले जाऊन येते."

महालक्ष्म्या उद्या घरी येणार होत्या, परवा त्यांचं जेवण. चार कोस वाट, त्यात काळ्या मातीचा चिखल, एकेक पाऊल ओढून काढावं लागे. वय पंचेचाळिशीच्या घरात. पण बाई उजाडता उजाडता निघाल्या त्या दुपार कलायच्या आत माहेरच्या दारात उभ्या राहिल्या. भावजय सरस्वतीबाईनं पाय धुवायला पाणी दिलं आणि मागणं ऐकून मान खाली घातली. मानमोडीत घरात चार माणसं अंथरुणाला खिळली, महिनाभर गोठ्यात कुणी गेलं नाही, तेव्हाच इथलं विरजण तुटलं होतं. आता शेजारचंच लावत होते. वच्छलाबाईंच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

मग सरस्वतीबाई जरा अडखळत म्हणाली, की एका घरी ते असावं. दहा वर्षांमागे, महालक्ष्म्या झाल्यावर, शालूबाई एकटीच चालत इथं आली होती. म्हणाली, तुमच्या लेकीपाशी मला मागता येत नाही, म्हणून तुमच्याकडे आले. मंजुळाबाईनं झालं ते सगळं ऐकून घेतलं. लेकीची बाजू घेतली नाही की लेकीला दोषही दिला नाही. शालूबाईला दोन दिवस ठेवून घेतलं, फडकं भिजवलं, वाळवलं आणि हाती दिलं.

"आत्याबाई तिले काय म्हनल्या ते म्या आइकलं व्हतं," सरस्वतीबाई सासूची आठवण काढून म्हणाली. "म्हनल्या, माह्या पोरीले सांगू नोको. तिचा सोभाव कडक हाये. तिच्या हातून कधी तुटलं, तं तुह्यापाशी राहीन."

वच्छलाबाई भाकरी खायलाही थांबल्या नाहीत. परतीचे चार कोस त्या स्वतःशीच भांडत आल्या. आधी शालूचा राग आला, माहेरपर्यंत गेली म्हणून. मग आईचा आला, परक्या पोरीला दिलं आणि आपल्याला सांगितलं नाही म्हणून. दोन कोस गेल्यावर दोन्ही राग विझले आणि मागे स्वतःचा उरला, तो काही केल्या विझेना. एकदा वाटलं, राहू द्यावं, शेजारच्या सोजराबाईकडून वाटीभर आणावं, कुणाला कळतंय? पण तसं केलं असतं तर आईचं दही समोरच्या घरात असून आपल्याला परकं झालं असतं, आणि ते बाईंना सोसणार नव्हतं. नाक कापलं गेलं तरी चालेल, पण मागायचं, असं त्यांनी ठरवलं, आणि एकदा ठरवलं की बाई हटणाऱ्यातल्या नव्हत्या.

पण चिखलानं वेळ खाल्ला. गल्लीत शिरल्या तेव्हा गुरं घरी येऊन दावणीला लागली होती आणि शालूबाईच्या देवळीत दिवा लागलेला होता.

सकाळी येता आलं असतं. पण रात्रीत लावलं नाही, तर उद्याचं विरजण नाही, आणि परवाची आंबील नाही. शिवाय सकाळपर्यंत आपला धीर टिकेल, याची बाईंना खात्री नव्हती. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात सकाळी घरून नेलेली रिकामी वाटी, अशा त्या शालूबाईच्या दारात उभ्या राहिल्या. शालूबाई तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"शालू, मले इरजन पाह्यजे," वच्छलाबाई म्हणाल्या. "माह्यं तुटलं. बाजारचं खात बसली, आन् घरचं नासवलं."

शालूबाईनं वाटीकडे पाहिलं, चिखलाच्या पायांकडे पाहिलं.

"दिवे लागले, बाई," ती म्हणाली.

ते शब्द कुणाचे होते, हे दोघींनाही ठाऊक होतं. वच्छलाबाईंचा चेहरा तापला. मागे वळणं सोपं होतं, पण त्या उंबऱ्यावरून हलल्या नाहीत.

"हाव, दिसून राह्यले," त्या म्हणाल्या. "तरी मांगून राह्यली. तवा म्या तुले हासली, ते माह्यं चुकलं."

शालूबाईनं पदरावरचे तांदळाचे दाणे झटकले. मग उठली, देवळीपाशी गेली, दोन बोटं पाण्यात बुडवली आणि वात चिमटीत धरली. दिवा शांत झाला. घरात अंधार पडला.

"आमच्या घरी आज दिवा आजून लागाचाच हाये," ती अंधारातून म्हणाली.

फडताळाचं दार वाजलं. चाचपडत आलेल्या हातानं वच्छलाबाईंचा हात शोधला, वाटी घेतली, भरून परत दिली. बाईंनी वाटी नाकाशी नेली. दिसत काहीच नव्हतं, पण तो वास ओळखायला दिवा लागत नव्हता. त्यांचे डोळे भरून आले आणि अंधार होता म्हणून त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"उंबऱ्याबाहीर व्हा आता," शालूबाई म्हणाली. "मले दिवा लावा लागते."

वाटी पदराखाली धरून बाई बाहेर पडल्या. दहा पावलांच्या रस्त्याच्या मध्यावर पोचेपर्यंत मागे काडी ओढल्याचा आवाज आला आणि त्यांच्या पायापुढे उजेड पडला.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी हळदीकुंकवाला गल्लीतल्या त्याच बायका जमल्या. बोलावणं शालूबाईलाही होतं, आणि ती दाराशी का होईना, येऊन बसली. आंबिलीची वाटी हातात आल्यावर सोजराबाई नेहमीप्रमाणे म्हणाली, की वच्छलाबाईंच्या दह्याची सर कशाला नाही. दुसऱ्या कुठल्याही वर्षी बाईंनी ते ऐकून नुसती मान ताठ केली असती. आज त्यांनी हातातली पळी खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "यंदा माह्या महालक्ष्म्या शालूच्या घरचं दही जेवल्या."

कुणी हसलं नाही. दाराशी बसलेल्या शालूबाईनं आंबिलीचा घोट गिळला आणि पदरानं ओठ पुसले.

"माह्यं काहाचं, बाई," ती म्हणाली. "तुमच्या मायचं हाये. म्या निस्तं जतन केलं."