डगल्याचं रिकामं काज

पुस्तकं शिवायच्या कारखान्यात तिला सगळे 'टाचणी' म्हणत. अंगानं बारीक, जिभेनं टोचरी. वाचता येत नव्हतं, पण पानांच्या जुड्या शिवाव्यात तर तिनंच. शिवण्याआधी जुड्या क्रमानं लागल्यात का, हे कुणीतरी मोठ्यानं वाचून बघायचं, ही तिथली रीत.

त्या दिवशी वाचायला तिचा कवी दीरच उभा राहिला. काव्य त्याचंच. जुन्या युद्धकथेत एक बंदी पोरगी होती. 'तिला पलीकडे देऊन टाकली' एवढ्या एका ओळीत तिला उरकलेली. दिरानं तिच्यावर अख्खं काव्य रचलं होतं. त्यासाठी कितीतरी संध्याकाळी तो वहिनीच्या चुलीशी येऊन बसला होता.

"वहिनी, आपल्या गावाला वेढा पडला तेव्हा तुम्हालाही कैद्यांच्या बदल्यात शत्रूच्या छावणीत धाडलं होतं. त्या पोरीच्या मनातलं तुम्हीच सांगाल. तुमचं नाव कुठंही यायचं नाही."

तिनं सांगितलं. नवऱ्यापासून लपवलेलंसुद्धा.

आता दीर रंगात येऊन वाचत होता. वेशीपाशी प्रियकरानं डगल्याची पितळी गुंडी तोडून पोरीच्या मुठीत दिली. पलीकडच्या सरदारानं ती मागितली, तर पोरीनं हसत हसत त्याच्या झग्यावर शिवून दिली.

"काय भवानी आहे!" शेजारची जाडी खिदळली. "गुंडीबरोबर स्वतःलाही टाचून घेतलं असेल!"

टाचणीची सुई थांबली. हसली कधी होती ती? छावणीत तिच्यासोबत असलेल्या, तापानं फणफणलेल्या बापाला घोंगडी मिळावी म्हणून दिली होती तिनं गुंडी.

"भाऊजी, बाबांचं पान राहिलं का हो?"

"आजारी म्हातारा आणला की रंग जातो वहिनी," तो हळूच म्हणाला. "आणि नाव तर नाही ना घातलं तुमचं?"

नाव कशाला हवं होतं? पलीकडे तिचा नवरा पुठ्ठे दाबत उभा होता. ती गुंडी त्याची. 'नदीत पडली' असं तिनं परतल्यावर सांगितलं, तेव्हापासून त्यानं डगल्याचं वरचं काज रिकामंच ठेवलं होतं. चारचौघांत कौतुकानं दाखवायचा.

"नदीत पडली ना गं?" नवऱ्यानं विचारलं.

"अहो, ऐका तरी. बाबा तापात होते..."

"म्हातारा तर काव्यात नाहीच."

"पुढचं वाचू?" दिरानं विचारलं.

"वाच," नवरा म्हणाला.

नवऱ्यानं डगला उतरवला, तिच्या हातातून सुई घेतली आणि पुस्तकाच्या जाड दोऱ्यानं ते काज शिवून बंद करायला लागला. टाके वाकडेतिकडे पडत होते. एरवी तिनं टोमणा मारला असता.