कोळी की कोळीण?

"१२ फेब्रुवारी, सोमवार. पडदे धुतले. प्लंबर आला नाही. भाऊजींच्या कोळ्याने पहाटे कात टाकली. कात गेल्या वर्षीच्या डायरीत ठेवली."

वहिनींच्या डायरीतलं हे शेवटचं वाक्य भाऊजींनी वाचलं असतं, तर दुकान उघडं टाकून धावत घरी आले असते.

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. पेशाने घड्याळजी, लग्नाच्या फंदात न पडलेले. मागच्या खोलीत काचेच्या पेटीत त्यांनी आफ्रिकेतला टॅरंटुला, म्हणजे केसाळ मोठा कोळी, पाळला होता. आणला तेव्हा वाटाण्याएवढा, आता तळहातभर. रंग गंजक्या लोखंडाचा, मागचे पाय जाडजूड आणि वाकलेले. पेटीला हात लागला की फिस्कारणं सुरू. भाऊजी सहा वर्षं त्याला 'ते' म्हणत होते. ते जेवलं, ते रुसलं.

"तान्हं बाळ आहे का ते?" वहिनी चिडवायच्या.

"नर की मादी कळू दे, मग बघू."

चेष्टेमागे धास्ती होती. मादी असली तर अजून वीसेक वर्षं सोबत करणार. नर असला तर वयात आल्यावर वर्षभरात संपणार, आणि वयात यायला आता फार दिवस नव्हते. उत्तर कातीत असतं. पोटाच्या भागात, आतल्या बाजूने, वरच्या दोन पांढऱ्या ठिपक्यांच्या मध्ये इवलीशी पिशवी दिसली तर मादी. आधीच्या काती चुरगळलेल्या निघाल्या होत्या. ही अखंड मिळाली, म्हणून भाऊजींनी ती कागदावर काढून ठेवली आणि ते कामाला गेले.

संध्याकाळी कागद रिकामा.

"वहिनी!"

"ओरडू नका. मोडली असती, म्हणून जपून ठेवलीय." कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी फुलं दाबायला शिकवलेलं, तीच शिस्त. त्यांनी डायरी उघडली. कात पानाला चिकटून सपाट.

भाऊजी मटकन खुर्चीत बसले. "इस्त्रीच केलीत की हो!"

वहिनींचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "भिजवा. वाळलं फूलसुद्धा पाण्यात मऊ होतं."

वहिनींच्या फुलांच्या सेटमधल्या बशीत साबणाचं पाणी आलं. अर्ध्या तासाने भाऊजींनी डोळ्याला घड्याळाचं भिंग लावलं आणि बारीक चिमट्याने पोटाची घडी सोडवायला घेतली. वहिनी टॉर्च धरून उभ्या.

"काय दिसतंय?"

भाऊजींनी घडी आणखी थोडी उलगडली.

"अहो भाऊजी, बोला काहीतरी!"

भाऊजींनी भिंग काढलं. डोळे पुसले. मग पेटीकडे वळून म्हणाले, "दमली असेल ती. आठवडाभर तिला कुणी हात लावायचा नाही."

"ती?"

"ती."

"चला, घरात मी एकटीच बाई होते," वहिनी म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी नोंद पुरी केली: "फुलांच्या सेटमधली एक बशी भाऊजींच्या खोलीत गेली. आता सेटमध्ये पाच."