करोडगिरी नाक्यावरची गोळी

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. करोडगिरी नाक्यावर त्या दिवशी गोळी सुटलीच नव्हती. ती मी झाडली, पुढं पंचेचाळीस-एक वर्षांनी, उदगीरच्या शाळेत मधल्या सुट्टीत बसून, निळ्या शाईच्या पेनानं. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मराठी शिकवत होतो.

आमच्या शेजारी अप्पा राहायचे. मोंढ्यात त्यांचं भुसाराचं दुकान. निजामाच्या राज्याविरुद्ध लढलेला माणूस म्हणून गावात मान होता, पण अप्पा त्यावर चकार शब्द काढत नसत. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं की यंदा सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, झेंडावंदनानंतर अप्पांची हकीकत वाचायची आणि स्मरणिकेत छापायची. तुम्ही शेजारी, तुम्हीच ती काढून घ्या.

आठ दिवस मी दुकानात तुरीच्या पोत्यावर बसून होतो. नवव्या दिवशी अप्पा बोलले.

"काय केलं म्हणून काय विचारता मास्तर? भाकरी केल्या."

त्यांच्या तुकडीचा कॅम्प बार्शीच्या बाजूला, निजामाच्या हद्दीपलीकडं होता. अप्पांचा बंदुकीचा नेम असा की पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्यानं हातातली बंदूक काढून घेतली आणि काटवट दिली. तेव्हापासून चाळीस माणसांच्या ज्वारीच्या भाकरी. चौकी लुटून आलेली मंडळी आधी कालवण काय आहे ते विचारत, मग मोहिमेचं सांगत. म्हणजे लढा कसा चाललाय ते अप्पांना नेहमी जेवणानंतर कळायचं.

एकदाच ते कामगिरीवर गेले. हद्दीच्या आतल्या लोकांना दोन बंदुका पोचवायच्या होत्या. भाकरी थापणाऱ्यावर कोण संशय घेणार, म्हणून बैलगाडी त्यांच्याकडं दिली. बंदुका कडब्याखाली, आणि वर सोबत म्हणून अप्पांच्या गल्लीतली एक सून. पहिलं बाळंतपण आटपून, तीन महिन्यांचं लेकरू घेऊन ती माहेराहून सासरी निघाली होती. खाली काय आहे ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. कोसभर गेल्यावर तीच म्हणाली, कडबा टोचतो हे मला ठाऊक हाय, पण असा न्हाई टोचत.

पुढं जकातीचा नाका दिसला, ज्याला तेव्हा करोडगिरी म्हणत. पहारेकरी प्रत्येक गाडी रिकामी करून बघत होते. तिनं गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याकडेच्या लिंबाचे डहाळे मोडून गाडीला चारी बाजूंनी खोवले, ओटीतली हळद लेकराच्या तोंडाला फासली आणि त्याच्यावर पदर ओढला. लिंब लावलेला म्हणजे आत देवीचा आजार, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही कळायचं. नाक्यावर पहारेकरी पुढं झाला तशी ती म्हणाली, बघा, पण हात लावल्यावर घरी जाऊ नका. लेकरू गुबगुबीत, पदराखाली खिदळायला लागलेलं. तिनं त्याला असा चिमटा काढला की त्याच्या किंकाळीनं नाका रिकामा झाला.

"धोतर भिजलं माझं," अप्पा म्हणाले. "ते बी लिहा. आन् आक्का नसती तर मी न्हाई आन् बंदुका बी न्हाई, हे आधी लिहा."

आक्का म्हणजे तीच सून. ती आमच्याच गल्लीत शेवटच्या घरात राहायची. चिमटा खाल्लेलं लेकरू तेव्हा एसटीत कंडक्टर होतं आणि सुट्ट्या पैशांवरून सगळ्या तालुक्याशी भांडत होतं.

मी जसंच्या तसं लिहिलं आणि अप्पांना वाचून दाखवलं. ते खूश झाले. मुख्याध्यापक झाले नाहीत. शाळेत धोतराचं कसं वाचायचं, म्हणाले. आणि मास्तर, दोन बंदुका आहेत तर एक तरी उडायला नको का? मलाही ते पटलं. खरं तर मला ते आधीच सुचलं होतं. मधल्या सुट्टीत मी पुन्हा लिहिलं. आता गाडीवर अप्पा एकटे, पहारेकरी समोर, आणि धाड.

स्मरणिकेसाठी खाली सही हवी होती. अप्पांचं सगळं शिक्षण निजामाच्या शाळेत उर्दूतून झालेलं. मराठी बोलायचे, पण नागरी अक्षर त्यांना वाचता येत नसे. दुकानातला हिशेबही ते उजवीकडून डावीकडं लिहीत. मी कागद पुढं केला आणि म्हणालो, तेच आहे अप्पा, फेअर केलंय. त्यांनी चष्माही लावला नाही. उर्दूत झोकदार सही केली.

सतरा सप्टेंबरला मी माईकवर वाचलं. गोळी सुटली तेव्हा टाळ्या थांबेनात. अप्पा हार गळ्यात घालून ऐकत होते. कार्यक्रम संपल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले,

"बंदूक बरी चालवता, मास्तर. पण आक्काला गाडीतनं कुठं उतरवलंत?"

पुढल्या वर्षी घालतो, म्हणालो. त्या थंडीत अप्पा गेले.

हकीकत मात्र जोरात चालली. लातूरला वाचली, नांदेडला एका सभागृहात वाचली, तिथं मला शाल मिळाली. चौकात फलक लागला, त्यावर माझीच वाक्यं. दोनेक वर्षांनी आक्का घरी आली. स्वातंत्र्यसैनिक म्हणून नोंद व्हावी असा तिनं अर्ज केला होता. छाननीत तिला विचारलं, तुम्ही गाडीत होता म्हणता, पण गाडीवाल्याच्या सहीचा कागद म्हणतो तो एकटाच होता.

"मी गाडीत होते का नव्हते," ती म्हणाली, "तेवढं एका ओळीत लिहून द्या. नसते तर नव्हते लिहा."

मी चहा पाजला आणि बघतो म्हणालो. एक ओळ लिहायची म्हणजे फसवून सही घेतली हे लिहायचं. आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी माझं नाव तेव्हा वर गेलं होतं. ती तीनदा आली, तीनदा चहा पिऊन गेली. अर्ज फेटाळला गेला. पुढं कधी गल्लीत दिसली की पदर सावरत विचारायची, काय मास्तर, ती गोळी लागली का कुणाला? आणि स्वतःच हसायची. मीही हसायचो. दोन्ही हसण्यांत फरक होता. ती गेली त्याला आता पंधरा वर्षं होतील.

आता माझी निवृत्ती जवळ आली आहे. मागच्या सप्टेंबरलाही शाळेत त्या हकीकतीचं नाटुकलं झालं, मी पहिल्या रांगेत होतो. पहारेकरी इतका छान मेला की त्याला दोनदा मरायला लावलं.

तिचं नाव मी इथं लिहीत नाही. ते आधी फलकावर यायला हवं, अप्पांच्या नावाच्या वर. त्यासाठी अप्पांची सही मी फसवून घेतली असं लेखी द्यावं लागेल. ती एक ओळ मी आक्काला अजून देणं लागतो. तिचा मुलगा शेवटच्या घरात राहतो. कागद मला त्याच्या हातात द्यायचा आहे, आणि तो मी अजून दिलेला नाही.