गोठ्यातली शिडाची होडी

सकाळचा चहा हातात होता आणि संपतचा फोन आला. संपत म्हणजे माझा बालमित्र विलास याचा धाकटा भाऊ. "सर, दादा गेला की वो..." एवढंच म्हणाला. धारा काढून विलास अंगणात खुर्चीवर येऊन बसला आणि बसल्या जागीच गेला. या गोष्टीला आता महिना होऊन गेला. त्या सकाळची आठवण आली की डोळे भरतात, पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट मनात येते. तो फोन संपतनं केला होता. काही वर्षांपूर्वी हेच घडलं असतं, तर ती बातमी मला संपतकडून कळली नसती. एका आवारात राहूनही हे दोघे भाऊ तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हते.

कसबा बावड्यात विलासचा ऊस आणि म्हशी. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढं मी मास्तर झालो, तो शेतीत राहिला. वडील गेल्यावर भावाभावांत वाटणी झाली, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून शब्दाला शब्द लागला आणि अंगणाच्या मधोमध पत्र्याचं कुंपण उभं राहिलं. विलास मोठ्या आवाजाचा, सतत हसणारा माणूस. पण संपतचं नाव निघालं की गप्प व्हायचा... मग कुणी ते नाव काढेनासंच झालं.

अशातच एका लग्नासाठी आम्ही दोघं कोकणात उतरलो. तिथं खाडीकाठी, माडाखाली एक जुनी शिडाची होडी पालथी पडली होती. फळ्या सुकून त्यांच्यात बोट जाईल एवढ्या फटी पडलेल्या, रंग पापुद्र्यांनी सुटलेला. होडीच्या मालकीणबाईंचा नवरा वारला होता आणि पावसाळ्याआधी त्या ती फोडून चुलीला घालणार होत्या. विलासनं होडीवर हात फिरवला आणि म्हणाला, "मास्तर, ही न्यायची."

"कुठं?"

"बावड्याला."

"तिथं समुद्र हाय व्हय?"

"नसंना. सागाचं लाकूड हाय, चुलीत घालतंय व्हय कोण!"

टेम्पोवर बांधून, गगनबावड्याच्या घाटातल्या धुक्यातून ती वर आली. सुनंदावहिनी, विलासच्या पत्नी, कमरेवर हात ठेवून दारात उभ्या. "म्हशी कमी पडल्या म्हणून आता ही आणली?" त्यांनी विचारलं. पण संध्याकाळपर्यंत अर्धा गोठा त्यांनीच झाडून रिकामा करून दिला.

मी त्याच वर्षी निवृत्त झालो होतो. घरात बसून दिवस खायला उठत. विलासनं माझ्या हातात पॉलिश पेपर दिला आणि म्हणाला, "घास." मी महिनोन्महिने घासत राहिलो. त्या घासण्यानं मला सकाळी उठायला कारण दिलं, हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. तो कुजलेल्या फळ्या काढायचा, सुताराकडून नव्या कापून आणायचा, फटींत कापूस ठासून वर राळ भरायचा. चुकायचा, शिव्या घालायचा, पुन्हा उकलायचा. मालकीणबाईंचे पुतणे फोनवरून सांगायचे, तसं करत जायचा.

बाहेरची बाजू झाली आणि होडी सुलटी करायची वेळ आली. विलास, मी आणि दोन गडी. ती अंदाजापेक्षा जड निघाली. एका कुशीवर उभी केली आणि तिथंच ती अडली. गड्याचा पाय शेणात घसरला, होडी माघारी कलली, विलास तिच्या खालच्या अंगाला... मी नुसता ओरडलो. तेवढ्यात कुंपणाचा पत्रा धाडकन वाजला. उडी टाकून आलेल्या संपतनं खांदा लावला होता. "दादा, हात काढ! आधी हात काढ!"

होडी सुलटी झाली. विलास धापा टाकत आपल्या हाताकडं बघत होता. शेवटी म्हणाला, "चा घेऊन जा."

"साखर कमी घाल म्हणावं वैनीला," संपत म्हणाला आणि म्हशीच्या गव्हाणीच्या काठावर बसला.

पुढं सुलटी होडी गोठ्यातून बाहेर काढायला वाट पुरेना, म्हणून त्या दोघांनी मिळून कुंपण काढलं. ते परत लावलं नाही. त्यावर कधी चर्चाही झाली नाही.

वहिनींच्या माहेराजवळ धरणाच्या पाण्याचा फुगवटा आहे, तिथं होडी पाण्यात सोडली. नारळ फोडला आणि बघता बघता सगळ्या फटींतून पाणी आत आलं. काठावरचा एक जण ओरडला, "पावणं, बुडवायला आणली व्हय?" मी खजील झालो. विलास मात्र कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हसत होता. "व्हय, बुडवायलाच! सुकलंय लाकूड, पिऊ दे की त्याला पोटभर!" कोकणातून त्याला तसंच सांगितलं होतं. होडी काठालगत तशीच बुडवून ठेवली, आलटूनपालटून दोघे भाऊ तिच्याजवळ राहिले. फळ्या फुगल्या, फटी मिटल्या. मग पाणी उपसलं आणि शीड चढवलं... त्या दिवशी वाऱ्यानं होडी पहिल्यांदा ओढली, तेव्हा साठीकडं झुकलेले ते दोघे असे ओरडले की काठावरचे बगळे उडाले.

त्यानंतर जवळजवळ दर रविवारी आम्ही तिघं पाण्यावर असायचो. वहिनी काठावर. "मला पवाय येत न्हाय," एवढंच म्हणायच्या.

गेल्या आठवड्यात संपत आणि मी होडी काठावर ओढून झाकून ठेवायला गेलो. आता ती चालवायची इच्छा दोघांनाही नव्हती. वहिनीही आल्या होत्या. ताडपत्री अंथरत होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मला बसवा की एकदा." आम्ही होडी परत पाण्यात लोटली, शीड चढवलं. संपतनं होडी धरली, त्यांच्या कमरेला हवा भरलेली ट्यूब बांधली. त्या थेट मागं, सुकाणूजवळ जाऊन बसल्या. विलासच्या जागेवर.

थोडं आत गेल्यावर वारा आला. शीड फुगलं, होडी एका अंगाला कलली. अशा वेळी विलास आम्हाला कसा खेकसायचा ते मला आठवलं. आम्ही दोघं आपापल्या जागी तसेच बसून राहिलो. आणि मागून, पार पलीकडच्या काठापर्यंत जाईल असा आवाज आला, "आरं, बघत काय बसलाय दोघं? पलीकडं सरका की!"

आम्ही सरकलो.