गुलाबी गोळी, पांढरी गोळी

माझ्या बाबांचा औषधावरचा विश्वास रंगावर बसलेला. पुण्यात नाडीचा वेग आवरायची गोळी वर्षानुवर्षं गुलाबी. तिथले डॉक्टर चिठ्ठीवर कंपनीचं नाव लिहायचे आणि बाबा ते स्तोत्रासारखं पाठ ठेवायचे. आई गेल्यावर ते नॉटिंगहॅमला माझ्याकडे राहायला आले, तर इथल्या जीपीनं, म्हणजे फॅमिली डॉक्टरनं, लिहिलं नुसतं औषधाचं मूळ नाव. कंपनी कुठली ते फार्मसी ठरवणार. एका महिन्यात निळं खोकं, पुढच्या महिन्यात हिरवं, आत पांढऱ्या गोळ्या.

"हा खडू आहे," बाबा म्हणाले.

फार्मसीतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की औषध तेच आहे, बनवणारे वेगळे. जीपीचंही तेच. बाबांनी मान डोलावली आणि घरी येऊन थेट पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, हृदयाचा मामला आहे, कंपनीचीच घ्या, बाकीच्यांचा भरवसा नाही. झालं! दोन्हीकडचे शिकलेले, मी बापडी कोणाचं ऐकू? मनात पाल चुकचुकली ती एवढीच, की बाबा पांढरी गोळी बेसिनमध्ये टाकत असतील. म्हणून रोज सकाळी चहाबरोबर मी समोर उभी राहायचे आणि गिळेपर्यंत हलायचे नाही. हट्टीपणा आमच्या घरात वारशानं येतो.

एका शनिवारी बाबा आंघोळीहून आले आणि जिन्यातच बसले. चेहरा पांढराफटक, कपाळावर गार घाम. काय होतंय विचारलं तर ओठ हलले, शब्द नाही. मी मनगट धरलं. एक ठोका लागला. दुसऱ्याची वाट बघत राहिले, तो फार उशिरा आला. ॲम्ब्युलन्ससाठी 999 लावला. डोक्यात एकच घुमत होतं: खडूच होता तो, मेल्यांनी खडूच दिला, आणि मी तो रोज उभी राहून गिळायला लावला.

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी घरातली सगळी औषधं मागितली. मी बाबांच्या खोलीतलं कपाट उपसलं, तर लाडवांच्या डब्यात गुलाबी गोळ्यांच्या पट्ट्या. गेल्याच आठवड्यात पुण्याहून आलेल्या आतेभावानं गुपचूप आणून दिलेल्या.

हॉस्पिटलच्या फार्मासिस्टनं दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या, बारीक अक्षरांतलं नाव मला दाखवलं. दोन्हींत एकच औषध. बाबा आठवडाभर रोज दुप्पट घेत होते, म्हणूनच नाडी इतकी मंदावली. पांढरी खरंच खडू असती तर त्यांना काहीच झालं नसतं, हे मला तेव्हा उमगलं.

दोन दिवसांनी बाबा उशीला टेकून बोलायला लागले, तेव्हा मी रागानं विचारलं, अहो बाबा, दोन्ही कशाला?

"इथली हलकी आहे म्हटलं. एकटी पुरली नाही तर आपली असावी जोडीला." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "आणि तू एवढी समोर उभी राहायचीस. तुझं मन मोडवेना."

माझा राग तिथेच विरला, भीती मात्र राहिली.

गुलाबी पट्ट्या मी नष्ट करायला फार्मसीत देऊन टाकल्या. पुढच्या महिन्यात खोकं पुन्हा बदललं, या वेळी नारिंगी, आणि गोळीही जरा मोठी. बाबांनी ती तळहातावर घेऊन माझ्यासमोर धरली. पुण्याला फोन नाही, कुरकूर नाही.

"तूच सांग," ते म्हणाले. "तू म्हणशील तर घेतो."

मला औषधातलं ओ की ठो कळत नाही. खोक्यावरचं नाव जुन्या खोक्यावरच्या नावाशी मी एकेक अक्षर लावून बघितलं, मग पुन्हा बघितलं.

"घ्या, बाबा."

त्यांनी गोळीकडे न बघता ती गिळली. कप उचलायच्या निमित्तानं मी त्यांचं मनगट धरलं आणि पुढच्या ठोक्याची वाट बघत राहिले.