कोपऱ्यात उभा राहिलेला माणूस

युनियनच्या पत्रकात मुद्दा पहिल्या ओळीत यावा, असं मला शिकवलं गेलं. तर मुद्दा हा, की मला एका विरोधी खेळाडूची आठवण येते. मित्रांची येत नाही इतकी येते.

गोंदियात एका राईस मिलच्या फरसबंद ओट्यावर आम्ही बास्केटबॉल खेळायचो. दिवसभर तिथे उकडलेला धान सुकायचा. संध्याकाळी हमाल तो ओढून घेत, चुन्याच्या रेघा मारत, आणि मग हेच हमाल आणि मिलमालक सेठचा भाचा, असा सेठचा संघ उतरायचा. सेठला संघाचा भारी शौक. आम्ही बिडीवाल्यांची पोरं. सेठच्या संघाला सरावासाठी समोर कोणीतरी लागायचं, म्हणून आम्हाला फाटकातून आत घेत. पाणी मात्र बाहेरच्या नळावर प्यायचं. यावर मी पत्रक काढलं होतं. नळ तिथेच राहिला.

माझ्या वाट्याला त्यांचा एक हमाल आला होता. सडक अर्जुनीकडचा, लांब हाताचा, कमी बोलणारा. त्याला अडवायचं ते मी, आणि मला अडवायचं ते त्याने. दोन हंगाम आम्ही एकमेकांच्या अंगाला अंग लावून खेळलो. उजवीकडे झेपावण्याआधी तो श्वास रोखतो, हे मला ठाऊक होतं. चेंडू देताना मी आधी दुसरीकडे बघतो, हे त्याने हेरलं होतं. खेळ संपला की चहाच्या टपरीवर आम्ही रिकामे ग्लास मांडून डाव उलगडायचो. हा ग्लास तू, हा मी, हा सेठचा भाचा. कोण कोणाला नडतो, कोणाला कोणापुढे उभं केलं की वाट बंद होते. टपरीवाला ग्लास विसळायला मागायचा, तर तो म्हणायचा, "थांबा ना मामा, अजून चेंडू हवेत आहे."

मग बातमी आली. नागपूरहून एक खेळ शिकवणारे साहेब येणार, सामना बघणार, आणि त्यांनी निवडलेल्या पाच जणांना सेठ बारमाही हजेरीवर ठेवणार. बाकीचे हमाल हंगाम संपला की घरी जायचे. त्याच्या घरची धानाची जमीन खंडाने घेतलेली, खाणारी तोंडं बरीच. मी त्याला म्हटलं, त्या दिवशी मी जरा मागे राहीन, तू मार बास्केट.

"ढिला पडू नोको बे," तो म्हणाला. "ढिला पडला त मले समजते. मंग त्या खेळाचं मी काय करू?"

मी ढिला पडलो नाही. सुरुवातीलाच त्याच्या दोन फेकी मी हवेतच अडवल्या. साहेब खुर्चीवरून बघत होते. आम्ही पुढे होतो. आणि मग हा गडी चेंडू मागायचाच थांबला. सरळ डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. मला जावंच लागलं त्याच्यामागे, कारण त्या कोपऱ्यातून त्याची फेक चुकत नसे. मी कोपऱ्यात गेलो आणि रिंगखालची जागा मोकळी पडली. सेठचा भाचा त्या मोकळ्या वाटेने घुसला आणि बास्केट. परत तेच. पुन्हा परत तेच. मी आमच्या पोरांना ओरडून सांगत होतो, आत बंद करा, पण ज्याला त्याला आपापला माणूस होता. आम्ही हरलो.

निवड झाली तेव्हा भाचा पहिला. याचं नाव कुठेच नाही.

मी साहेबांच्या टेबलापाशी गेलो आणि त्यांच्यासमोरचे ग्लास सरकवून दाखवायला लागलो. हा इथे गेला म्हणून हा इथे ओढला गेला, म्हणून ही वाट उघडली. सगळ्या बास्केट याच्या आहेत. साहेब हसले. "खड़ा तो खंभा भी रहता है," असं म्हणाले. सेठ म्हणाला, नेताजी, भाषण फाटकाबाहेर.

फाटकाबाहेर तो नळावर पाय धूत होता. मी चिडून विचारलं, काऊन बे, आजच कोपऱ्यात जायचं सुचलं तुला?

"तू होता ना समोर," तो म्हणाला. "तुह्यातून जागाच निघत नव्हती. तुले घेऊन गेलो त निघाली." आणि हसला. जिंकल्यासारखा हसला, तेच मला अजून सहन होत नाही.

हंगाम संपला. भिलाईकडे नवं बांधकाम निघालं होतं, तो तिकडे गेला. पुढे काय झालं, कळलं नाही. हंगामी हमालांच्या हजेरीवर मी पत्रक लिहिलं, कडक लिहिलं, गावभर वाटलं. पण त्या कोपऱ्याबद्दल त्यात एक ओळही बसेना. उभ्या राहिलेल्या माणसाची मागणी कशी लिहायची?

मी अजून खेळतो. समोर चांगले खेळाडू येतात, उंच येतात, चपळ येतात. माझा खेळ मात्र कोणी ओळखत नाही. परवा तुमसरच्या संघाशी खेळताना माझ्या वाट्याचा माणूस अचानक डाव्या कोपऱ्यात गेला. मीही गेलो, मागे वळून बघत, की आता आतली वाट उघडणार.

तो नुसता दम खायला थांबला होता.